लिलाव जिंकला, पैसे भरले, आणि आता विक्रेता म्हणतो ‘देत नाही’

चष्मिष्ट

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लिलावाच्या एका संकेतस्थळावर दोन भिंगांचा जुना फिल्म कॅमेरा विकायला होता. (संकेतस्थळाचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे.) सुरुवातीची बोली अगदीच कमी, राखीव किंमत (‘याच्या खाली विकणार नाही’ असा आकडा) ठेवलेली नाही. मथळा इतका गचाळ की शोधून सापडू नये; कंपनीच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं. साहजिकच बोली लावणारे मोजके. लिलाव माझ्या नावावर सुटला, तोही चालू भावाच्या बराच खाली. मी लगेच पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की पॅक करताना कॅमेरा हातातून पडला, वरचं भिंग फुटलं, माफ करा, पैसे परत करतो. पैसे आलेही. मी लिहिलं, ‘हरकत नाही, फुटलेल्याचा फोटो पाठवा, सुट्या भागांसाठी घेईन.’ यावर चिडीचूप.

आणि आता तोच कॅमेरा पुन्हा विक्रीला लागलाय. या वेळी लिलाव नाही, थेट खरेदी, आणि भाव माझ्या बोलीच्या दुपटीहून जास्त. तोच म्हणजे तोच. समोरच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक एका फोटोत स्वच्छ वाचता येतो. फोकसच्या चाकाशेजारी काळा रंग उडून पितळ उघडं पडलंय, तो डागही जागच्या जागी आहे. फोटोसुद्धा बदलायची तसदी घेतलेली नाही.

कहर म्हणजे माझ्या खात्यात या व्यवहारापुढे नोंद आहे, ‘खरेदीदाराच्या विनंतीवरून रद्द’. मी कधी केली विनंती?

असा अनुभव कोणाला आहे का? वस्तू मिळवायचा काही मार्ग असतो, की पैसे परत मिळाले म्हणून गप्प बसायचं?

नुसतीचनजर
*सोडून द्या*

पैसे परत मिळाले ना? मग नुकसान काय झालं? उगाच डोक्याला ताप. पुढचा लिलाव बघा.

भोचकभवानी
*सोडून का द्यायचं?*

वा! म्हणजे बोली लावणाऱ्याने माघार घेतली की खात्यावर ठपका, आणि विकणाऱ्याने तोंडाला पानं पुसली की ‘पुढचा लिलाव बघा’? त्यात ‘खरेदीदाराच्या विनंतीवरून’ म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. चष्मिष्ट, आधी ती नोंद बदलून घ्या. बाकीचं नंतर.

जुनंपानं
*नोंद हाच मुद्दा आहे*

भोचकभवानींनी नेमकं बोट ठेवलंय, म्हणून जरा विस्ताराने टंकतो.

विक्रेत्याला सौदा मोडायचा असेल तर संकेतस्थळ त्याला कारण विचारतं. ईबेचं उदाहरण घेऊ, कारण तिथले नियम उघड आहेत. वस्तू शिल्लक नाही किंवा खराब झाली असं कारण दिलं की विक्रेत्याच्या नावावर दोष चढतो. ‘खरेदीदाराने सांगितलं’ म्हटलं की चढत नाही. हे दोष विकणाऱ्यांना चांगलेच जाचतात. एकूण व्यवहारांच्या दोन टक्क्यांवर दोष गेले तर खातं खालच्या दर्जाला जातं, आणि ‘टॉप रेटेड’ हा विक्रेत्यांचा वरचा दर्जा टिकवायचा तर ०.५ टक्क्याच्या आत राहावं लागतं. म्हणजे दोनशे व्यवहारांत एक. आता सांगा, पलटी मारणारा माणूस कुठलं कारण निवडेल?

म्हणून माझं सरळ मत असं की वस्तूसाठी भांडण्याआधी कारणासाठी भांडा. वस्तू तो देणार नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या निरोपातच कळतं. कारण मात्र दुरुस्त होऊ शकतं, कारण तिथे त्याचं खोटं त्याच्याच अक्षरात पडलेलं असतं. तुम्हाला पाठवलेला निरोप काय म्हणतो? ‘पडला, फुटला.’ नोंद काय म्हणते? ‘खरेदीदाराची विनंती.’ दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नाही. तक्रारीत एवढंच लिहा. ‘मला फसवलं, हा चोर आहे’ वगैरे काही लिहू नका. तक्रार वाचणाऱ्याकडे वेळ कमी असतो. दोन ओळींत विसंगती दिसली तर तो काहीतरी करेल, दोन पानी संताप दिसला तर ठरलेलं उत्तर चिकटवून पुढे जाईल.

आणि हे आत्ताच्या आत्ता करा: जुनी जाहिरात, नवी जाहिरात, बोलींचा इतिहास आणि निरोप, सगळं पूर्ण पानासकट साठवून ठेवा. पानाचा पत्ता आणि वस्तूचा क्रमांक दिसला पाहिजे. नुसता कॅमेऱ्याचा फोटो कापून ठेवलात तर तो कुठूनही आणलेला असू शकतो. निरोपांची देवाणघेवाण संकेतस्थळाच्या आतच ठेवा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर तो काय बोलला याला तिथे कोणी विचारत नाही.

सई_मी

+१. वाचनखूण साठवली.

काळाकोट
*हातोडा पडला की सौदा झाला*

कायद्याच्या बाजूने थोडं. हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

लिलावाचं मूळ तत्त्व जुनं आहे. इंग्लंडच्या १८९३ च्या मालविक्री कायद्यात ते आलं, तिथून आपल्या १९३० च्या कायद्याच्या कलम ६४ मध्ये. हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली की सौदा पुरा होतो. त्याआधी बोली मागे घेता येते, त्यानंतर कोणालाच मागे सरता येत नाही. विकणाऱ्याला भाव कमी वाटला, हे कारण होऊच शकत नाही. त्यासाठी राखीव किंमत ठेवायची सोय असते, ती त्याने वापरायची होती.

जालावरच्या लिलावात हातोडा कोणी मारत नाही, घड्याळ संपतं. याला लिलाव म्हणायचं का, यावर न्यायालयांनी बराच खल केलाय. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००४ मध्ये म्हटलं की हा हातोड्याचा लिलाव नव्हे, साधा प्रस्ताव आणि स्वीकृतीचा करार आहे. पण विकणाऱ्याला त्याने सूट मिळत नाही. करार तो करारच.

तीन निकाल सांगतो.

२००१, जर्मनी. लिलावात एक नवी फोक्सवागन पसाट २६,३५० मार्कांना (तेव्हाचं जर्मन चलन) सुटली. तिची किंमत होती सत्तावन्न हजारांच्या आसपास. विक्रेत्याने हात वर केले. न्यायालयाने सांगितलं, करार वैध आहे.

२००७, ऑस्ट्रेलिया. हा माझा आवडता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बनावटीचं विरावे जातीचं विमान ईबेवर होतं. एकाने दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची बोली लावून ते जिंकलं. मालकाला मात्र बाहेरून लाखभर डॉलर जास्त देणारा भेटला होता, म्हणून तो देईना. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने नुकसानभरपाईवर न भागवता थेट विमानच देण्याचा हुकूम केला. कारण असं की, असं विमान बाजारात दुसरं मिळत नाही, तेव्हा पैसे देऊन त्याची भरपाई होत नाही.

२०१४, पुन्हा जर्मनी. पुन्हा पसाट, या वेळी जुनी. एक युरोपासून लिलाव सुरू, एकाने बोली लावली, त्याची कमाल मर्यादा ५५५.५५ युरो, पण चालू बोली एक युरोवरच होती. काही तासांत मालकाने लिलाव बंद केला, कारण बाहेर ४,२०० युरो देणारा मिळाला. बोलीवाल्याने गाडीची किंमत ५,२५० धरून त्यातून आपला एक युरो वजा केला आणि ५,२४९ युरोंचा दावा लावला. मिळाले. मालकाचं म्हणणं होतं की एक युरोत गाडी मागणं अनैतिक आहे. न्यायालयाचं उत्तर असं की एवढ्या कमी भावाने सुरुवात करायचा धोका तुम्ही स्वतःच पत्करलात.

उंटावरचा
*पसाट*

दोन्ही वेळा पसाटच! गाडीला कोणाची नजर लागली होती का?

बाकी काळाकोट, तुम्ही वकील असून इतकं सरळ मराठी लिहिता, तुमचं पोट कसं भरतं?

काळाकोट

अशिलांसमोर असं लिहीत नाही.

कवडीमोल
*विकणाऱ्याच्या बाजूने*

मी जुन्या तबकड्या आणि पुस्तकं जालावर विकते, तेव्हा पलीकडची बाजूही येऊ द्या.

चष्मिष्टांचा विक्रेता लबाड आहे, त्यात शंका नाही. पण दर वेळी सौदा मोडला की लबाडीच असते असं नाही. एकच वस्तू दोन ठिकाणी लावलेली असते, एकीकडे विकली जाते आणि दुसरीकडची जाहिरात उतरवायच्या आत बोली येते. पार्सल करताना वस्तू खरंच फुटतात. लाखेच्या तबकड्यांना तर कडेला नुसता धक्का लागला तरी तडा जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांची वस्तू मुलाने लावलेली असते आणि वडील ऐनवेळी नाही म्हणतात.

खरा अडचणीतला विक्रेता ओळखायचा कसा? तो न विचारता फोटो पाठवतो. पैसे त्याच दिवशी परत करतो. कारण स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणजे ‘वस्तू खराब झाली’ हेच निवडतो, दोष चढला तरी. आणि ती वस्तू पुन्हा दिसत नाही. चष्मिष्टांच्या माणसाने यातली एकच गोष्ट केली, पैसे परत दिले. तेही बहुधा नियमाने द्यावेच लागतात म्हणून.

कमी भावाने सुरुवात का करतात, तेही सांगते. कमी आकडा दिसला की लोक बघतात, पहारा लावतात, बोली वाढत जाते. राखीव किंमत ठेवायची तर कित्येक ठिकाणी वेगळं शुल्क पडतं, शिवाय ‘राखीव किंमत आहे’ दिसलं की बोली लावणारे बिचकतात. मग काही जण राखीव किंमत ठेवतात, पण मनात. भाव तिथवर गेला नाही की ‘पडला, फुटला’.

भोचकभवानी

म्हणजे तुम्हीच सांगताय की हा धंद्यातला सर्रास प्रकार आहे.

कवडीमोल

सर्रास म्हटलं नाही मी. ‘काही जण’ म्हटलं. वाचा की नीट.

भोचकभवानी

वाचलं. मनातली राखीव किंमत हा शब्द मात्र ढापणार आहे, आधीच सांगून ठेवते.

टिकटिक
*साइटबाहेर अजिबात जाऊ नका*

जुनी घड्याळं गोळा करतो, त्यामुळे या जमातीशी रोजचा संबंध.

चष्मिष्ट, एक गोष्ट अजून व्हायची आहे, होईल कदाचित. थोड्या दिवसांनी त्याचा निरोप येईल: ‘कॅमेरा दुरुस्त झाला, अमुक भावात देतो, पण साइटचं कमिशन नको, थेट पैसे पाठवा.’ पाठवू नका. साइटबाहेर पैसे गेले की तिचं संरक्षण संपलं. पेपालवरून ‘मित्र आणि कुटुंबीय’ या प्रकाराने मागत असेल तर आणखी वाईट, त्या प्रकाराला खरेदीदाराचं संरक्षण लागूच होत नाही. विक्रेते तो मागतात ते शुल्क वाचवायलाही असेल, पण सोयीचं त्यांना आणखी एका कारणाने असतं.

याचाच उलटा प्रकारही बघितलाय. लिलाव आपण हरतो. मग थोड्या वेळाने निरोप येतो: ‘जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या बोलीला देतो.’ संकेतस्थळाच्या आतून, रीतसर दुसऱ्या संधीचा प्रस्ताव म्हणून आला तर ठीक. ईमेलवर आला तर तो विक्रेत्याचा आहे की तिऱ्हाइताचा, हेही कळायला मार्ग नसतो. आणि आतून आला तरी मी बोलींचा इतिहास उघडून बघतो. जिंकणारा कोण? त्याचं खातं किती जुनं? याच विक्रेत्याच्या किती वस्तूंवर त्याच्या बोली आहेत? भाव चढवायला स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावरून बोली लावायची, अंदाज चुकून स्वतःच जिंकायचं, आणि मग दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, हा जुना उद्योग आहे.

काळाकोट
*स्वतःच्या वस्तूवर बोली*

टिकटिक यांच्या शेवटच्या मुद्द्यावर एक निकाल आहेच. २०१६, जर्मनी. गोल्फ गाडी, सुरुवात एक युरोपासून. मालक दुसऱ्या खात्यावरून स्वतःच बोली चढवत गेला, शेवटी सतरा हजारांना स्वतःच जिंकला. न्यायालयाने त्याच्या सगळ्या बोली बाद धरल्या. त्या काढल्यावर खऱ्या खरेदीदाराची बोली उरली दीड युरो. गाडी तोवर विकून झाली होती, तेव्हा साडेसोळा हजार युरो भरपाई.

आपल्या कलम ६४ मध्येही आहे: स्वतः बोली लावायचा हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर केलं नसेल तर विकणाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने बोली लावणं बेकायदा, आणि खरेदीदार ती विक्री लबाडीची मानू शकतो.

उंटावरचा

दीड युरोत गोल्फ. आणि ती पसाट नव्हती म्हणून हायसं वाटलं.

नुसतीचनजर
*पण दावा कोण लावणार?*

काळाकोट, निकाल वाचायला झकास आहेत. विमान, गाड्या, सगळं मोठं काम. इथे एक जुना कॅमेरा आहे. विक्रेता कुठल्या देशात, खरं नाव काय, पत्ता काय, काही ठाऊक नाही. वकिलाला जेवढे द्यावे लागतील तेवढ्यात दोन कॅमेरे येतील. मी ‘सोडून द्या’ म्हटलं ते एवढ्यासाठीच.

काळाकोट
*बरोबर, आणि तरीही*

तुमचं म्हणणं बव्हंशी मान्य. विक्रेता दुसऱ्या देशात असेल आणि वस्तू किरकोळ असेल, तर खटला हा मार्गच नाही. पण दोन गोष्टी.

एक, हक्क आहे हे ठाऊक असलं की पत्राची भाषा बदलते. ‘प्लीज द्या हो’ वेगळं आणि ‘अमुक तारखेला अमुक किमतीला सौदा पूर्ण झाला आहे, पैसे दिलेले आहेत, वस्तू पुन्हा विक्रीला लावल्याचा पुरावा माझ्याकडे आहे, सौदा पुरा करावा’ वेगळं. एक पत्र पाठवायला खर्च येत नाही. धमकी मात्र नको. विशेषतः ‘वस्तू नाही दिलीस तर वाईट अभिप्राय देईन’ असं चुकूनही लिहू नका. ईबेवर तर अभिप्रायाचा धाक घालून काही उकळणं हाच नियमभंग आहे, आणि मग तक्रार तुमच्यावर उलटते.

दोन, नुकसान मोजायची रीत. पैसे परत मिळाले म्हणून नुकसान शून्य, हे कायद्याला मान्य नाही. तशाच स्थितीतला दुसरा कॅमेरा घ्यायला जे जास्त मोजावे लागतील, तो फरक म्हणजे नुकसान. इथे तर विक्रेत्याने नव्या जाहिरातीत स्वतःच भाव लिहून दिलाय. तो मागतोय म्हणजे तेवढी किंमत सिद्ध झाली असं नाही, पण ‘तुझ्याच मते याची किंमत एवढी’ हे म्हणता येतं. विक्रेता तुमच्याच देशात असेल, नाव-पत्ता कळत असेल आणि फरक मोठा असेल, तर ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) किंवा छोट्या दाव्यांचं न्यायालय जिथे असेल तिथे वकिलाशिवायही जाता येतं. धंदेवाईक विक्रेता आणि घरातली एखादी वस्तू विकणारा यांत तिथे फरक पडतो, तेवढं आधी बघा.

विमान ज्यामुळे मिळालं तो मुद्दा तुम्हाला मिळणं कठीण. तुमच्यासारखे कॅमेरे आणखी आहेत. दुर्मीळ असता तर गोष्ट वेगळी.

चष्मिष्ट
*ताजी खबर*

सगळ्यांचे आभार. जुनंपानं म्हणाले तशी दोन ओळींची तक्रार केली: निरोपात हे, नोंदीत ते, सोबत दोन्ही जाहिरातींची पानं, क्रमांकाभोवती गोल करून.

पहिलं उत्तर ठरलेलं आलं, ‘पैसे परत मिळाल्यामुळे प्रकरण बंद केले आहे.’ मी पुन्हा लिहिलं की पैशांबद्दल माझी तक्रारच नाही, रद्द करण्याचं कारण खोटं आहे, ते दुरुस्त करा. आता ‘तपासून कळवतो’ आलंय.

विक्रेत्यालाही काळाकोटांच्या मसुद्याप्रमाणे पत्र टाकलं. उत्तर आलं! शब्दशः देत नाही, आशय असा: हा दुसरा कॅमेरा आहे, दिसायला सारखा. मी दोन्ही फोटोंतला क्रमांक शेजारी शेजारी ठेवून पाठवला. पुन्हा चिडीचूप.

भोचकभवानी

जुळे असतील. एकच जन्मखूण असलेले.

सई_मी
*अभिप्रायाबद्दल*

अभिप्राय द्यायला विसरू नका, मुदत असते. ईबेवर ६० दिवस. तक्रारीच्या निकालाची वाट बघत ती उलटून जाते, आणि काही विक्रेते ‘उद्या बघतो, परवा बघतो’ करत नेमकं तेच साधतात.

आणि कसा द्यायचा, तर कोरडा. ‘लिलावानंतर वस्तू फुटल्याचे सांगून सौदा रद्द. तीच वस्तू, तोच क्रमांक, जास्त भावात पुन्हा विक्रीला.’ बास. पुढचा खरेदीदार हे वाचून सावध होतो. ‘फ्रॉड! चोर!’ वाचून त्याला वाटतं की असेल कोणी चिडका.

अवांतर: अभिप्रायाची ही पद्धत लिलावाच्या साइटइतकीच जुनी. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी अभिप्राय आले. आधी दोघंही एकमेकांना वाईट अभिप्राय देऊ शकत. त्यामुळे खरेदीदार घाबरून गप्प बसत, कारण आपण एक दिला की विक्रेता सूड म्हणून एक देणार. २००८ मध्ये विक्रेत्यांचा तो अधिकार काढला. तेव्हा विक्रेत्यांनी बरंच रान उठवलं होतं.

कवडीमोल

उठवणारच. पैसे न भरणाऱ्या खरेदीदाराविरुद्ध आम्ही काय बोलायचं तेव्हापासून? त्याच्यावर कोणी धागा काढत नाही.

जुनंपानं

काढा की तुम्ही. पहिला प्रतिसाद माझा.

उंटावरचा

जाहिरातीखाली जाऊन आपण सगळ्यांनी प्रश्न विचारायचे का? ‘हाच का तो फुटलेला?’ वीस जणांनी विचारलं तर मजा येईल.

टिकटिक

नको. झुंडीने गेलात तर छळवणुकीची तक्रार तो करेल, आणि त्यात चष्मिष्टांचं खातं अडकेल. आत्ता कागदावर सगळं त्यांच्या बाजूने आहे, ते बिघडवू नका.

संपादक

विक्रेत्याचे खाते, नाव, जाहिरातीचा दुवा किंवा कॅमेऱ्याचा क्रमांक इथे देऊ नये. एका प्रतिसादातील दुवा काढला आहे. माहिती हवी असल्यास धागाकर्त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

चष्मिष्ट
*नोंद बदलली*

नोंद बदलली. आता तिथे ‘विक्रेत्याने रद्द केला, वस्तू उपलब्ध नाही’ असं दिसतं. सोबत एक ओळ की विक्रेत्यावर नियमानुसार कारवाई केली आहे. काय कारवाई, ते सांगत नाहीत. नवी जाहिरातही उतरवलेली दिसते. कोणी उतरवली, साइटने की त्याने, देव जाणे.

कॅमेरा काही मिळाला नाही, मिळणारही नाही. अभिप्राय सईताईंच्या मसुद्याबरहुकूम टाकलाय.

नुसतीचनजर, तुमच्यासाठी खास: वेळ गेला म्हणाल, तर या सगळ्याला दोन पत्रं आणि दोन तक्रारी एवढंच लागलं.

नुसतीचनजर

अभिनंदन. माझं मत अर्ध बदललंय. उरलेलं अर्ध कॅमेरा हातात आल्यावर बदलेन.

जुनंपानं

झकास. ती बदललेली नोंदही साठवून ठेवा. त्याने वर दाद मागितली तर पुन्हा फिरू शकते.

अबोली_२
*माझं प्रकरण जरा वेगळं आहे*

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय, माफ करा. मोबाईलवरून टंकतेय.

माझी बोली सगळ्यात वर होती आणि लिलाव संपायला बराच वेळ बाकी होता. अचानक ‘विक्रेत्याने लिलाव संपवला’ असं आलं. पैसे भरायची वेळच आली नाही. निरोप पाठवला तर म्हणतो, वस्तू घरातून चोरीला गेली. वर काळाकोटांनी दिलेला २०१४ चा निकाल मला लागू होतो का? मलाही फरक मागता येईल?

काळाकोट

चोरी खरी असेल तर बहुधा नाही. त्याच जर्मन न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. चालू लिलावातला डिजिटल कॅमेरा चोरीला गेला म्हणून मालकाने लिलाव बंद केला, बोलीवाल्याने भरपाई मागितली, आणि तो हरला. साइटच्या नियमांतच अशा कारणासाठी लिलाव मागे घ्यायची मुभा होती आणि बोली लावताना ते सगळ्यांना ठाऊक असतं, असं न्यायालय म्हणालं. ‘बाहेर जास्त पैसे मिळाले’ याला मात्र ती मुभा नाही. दोन्ही प्रकरणांत लिलाव मधेच थांबला, फरक कारणाचा आहे.

तुम्ही आधी बोलींचा इतिहास उघडा. त्याने पूर्ण लिलाव बंद केला, की आधी तुमची बोली खोडली आणि मग बंद केला? ते बघा आणि साइटने कारण काय नोंदवलंय तेही. मग साइटवर त्याच वस्तूसाठीचा शोध साठवून ठेवा, नवी जाहिरात आली की सूचना येईल अशी सोय असते. आणि त्याच्याकडे चोरीच्या तक्रारीची प्रत मागा. सभ्य शब्दांत.